घुशीचं कोठार

लॉनवर मातीचा पहिला ढीग उठला तेव्हा
खजिनदार प्रधान म्हणाले, मुंगूस असेल, शुभ असतं.
तिसऱ्या ढिगानंतर कुणी शुभ म्हणालं नाही.
घसरगुंडीचा एक पाय कलला,
गोकर्णीची वेल मुळासकट आत ओढली गेली,
आणि रात्री दोनला वॉचमन लोटनला ती दिसली.
"मॅडम, मांजरच तिला वाट देतं."

मिरचीची धुरी झाली. बाटलीतलं औषध झालं.
बिळात चार तास पाणी सोडलं,
टँकरचं, बिल माझ्याच सहीनं.
ते निघालं बी विंगच्या मीटर रूममध्ये.

मग म्हात्रेमाळी घेऊन आला काळूराम हिलमला,
पनवेलच्या पलीकडच्या वाडीवरून.
एक पहार, एक गोणपाट, कानामागे अर्धी विडी.
गेटवरच्या रजिस्टरात 'कामाचं स्वरूप' यापुढे
लोटनने लिहिलं: खणणे.

तो आधी नुसता चालला. अनवाणी. टाचेनं ऐकत.
पाच वर्षांच्या हमीचं मेक्सिकन गवत
त्याच्या पायाखाली पोकळ वाजलं.
"हे तोंड खोटं," तो म्हणाला. "हेबी.
खरं ती झाकून ठेवते."

खणता खणता सांगत होता:
आजा इथंच यायचा, करावे गावाच्या खाजणात.
भात कापून झालं की बांधातली बिळं आमची.
एकेका बिळात पायली, दीड पायली,
लोंबीवर लोंबी रचलेली.
"बांध कुणाचे होते?" मी विचारलं.
म्हात्रे पाइप गुंडाळत होता.
"आमचेच," म्हणाला,
आणि पार्किंग नंबर चौदाकडे बघत राहिला.

कोठार उघडलं तेव्हा आम्ही नऊ जण वाकलो.
वाढदिवसाच्या मेणबत्त्या. भेंडीचे देठ.
साबणाची वडी, दात लागलेली.
वेफर्सचं चकचकीत पाकीट.
आणि थकबाकीची एक नोटीस, माझ्या सहीची,
बारीक कातरून अंथरलेली,
पिल्लांच्या उबेएवढी मऊ.
घूस नव्हती. पिल्लंही हलवलेली.
काळूराम बोटानं कोपरे चाचपत राहिला,
दाणा एकही नाही.
"आता हीबी बाजारातनंच आणते," म्हणाला.

फुटक्या फरशा भरून भोक बुजवलं.
व्हाउचरसाठी मी शाईचा पॅड पुढे केला.
त्यानं पेन मागितलं.
हिलम. वेलांटी सगळ्यात शेवटी दिली.

खर्च टाकला बाग देखभालीत.
म्हात्रेनं माती पायानं दाबली,
कडेकडेनं, सावकाश, बांध दाबतात तशी.

आज पहाटे चौदा नंबरच्या गाडीखाली
ओंजळभर ताजी माती दिसली.
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.