मैदानाकडे पाठ

एल्डन क्रॅबट्रीला स्कोअर विचारण्यात अर्थ नव्हता.
साठ वर्षं दर शुक्रवारी रात्री तो मैदानावर हजर,
आणि एकही टचडाउन त्याने डोळ्यांनी पाहिला नाही.
पाठ खेळाकडे, तोंड लोकांकडे.
मागे काय झालं ते तो
आमच्या जबड्यांवरून ओळखायचा.

आज चर्चमध्ये पाद्री म्हणाले, 'द्रष्टा उद्योजक.'
द्रष्टा कसला!
सुरुवात झाली बापाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात:
क्रेप कागद, सुतळी, आणि बायकोची शिवणाची कात्री,
जी तिला परत मिळाली ती बोथट होऊन.
पहिले गोंडे त्याने हार्लन क्रीकच्या शाळेला विकले,
डझनाला चार डॉलर, तेही उधारीवर.
दुसऱ्याच सामन्याला पाऊस.
कागदाचा लाल रंग मुलींच्या कोपरांपर्यंत ओघळला,
पांढऱ्या स्वेटरांत मुरला,
आणि सकाळी आया त्याच्या दारात उभ्या,
जणू याने कुणाचा मुडदाच पाडला होता.
अकरा स्वेटर भरून दिले त्याने.
मग प्लॅस्टिक शोधलं.

मला पट्ट्या कापायला घेतलं ते अडुसष्ट साली.
पैसे नगावर, तासावर नाही.
एका गोंड्यात सहाशे चाळीस पट्ट्या.
तो गोंडा कानाशी धरून हलवायचा,
कलिंगड वाजवून बघावं तसा,
आणि म्हणायचा, 'मेव्हिस, हा बोलत नाहीये.'
मोजलं की खरंच चार-पाच कमी भरायच्या.
पगारवाढ मागितली की तोच कान बहिरा.
हेही सांगते. मेलेल्या माणसाचं सगळंच गोड नसतं.

उन्हाळ्यात शिबिरं. ओक्लाहोमाचा जुलै,
कॉलेजचं व्यायामगृह, एक पंखा, तीनशे मुली,
आणि बाकावर उभा हा टकला माणूस पोट आत ओढून:
'जिंकताना कुणीही ओरडतं.
तुम्ही चिअरलीडर आहात.
सव्वीस गुणांनी मागे असताना
तुमचा आवाज कुठे असतो, ते दाखवा मला.'

त्या तीनशेंत ट्वायला बीच होती.
चौऱ्याहत्तर साली तिसऱ्या थरावरून पडली,
लाकडी जमिनीवर.
मी सरबताची बादली घेऊन दारात होते.
तो आवाज मी कुणाला सांगितलेला नाही.

पुढच्या वर्षी कॅटलॉगात, पान एक्केचाळीसवर,
निळ्या गाद्या आल्या, चार इंच जाड.
त्याही खपल्या. धंदा असा असतो.
पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
त्याची गाडी कारखान्याच्या फाटकातून डावीकडे वळायची.
बँक उजवीकडे. घर उजवीकडे.
डावीकडे धान्याचं कोठार, आणि बीचांचं घर.
आम्ही कुणी विचारलं नाही.

आज ट्वायला आली होती, चाकांच्या खुर्चीत,
घरच्या माणसांच्या रांगेला लागून.
मी वाकून विचारलं,
काय बोलायचा गं तो, येऊन?
'काही नाही,' ती म्हणाली,
'रेडिओवर मॅच लावायचा, लागलेली असेल ती,
आणि रेडिओकडे पाठ करून
माझ्याकडे बघत बसायचा.
स्कोअर मीच सांगायचे त्याला.'

कबरीपाशी वारा होता.
पहिल्या तुकडीच्या उरलेल्या सहा जणी
गुडघ्यांना पट्टे बांधून आल्या होत्या.
त्यांनी गोंडे वर धरले.
घोषणा एकीलाही धड आठवेना,
दुसऱ्या ओळीनंतर नुसतीच सळसळ,
आणि एकीला हसू फुटलं, मग रडू.

मी डोळे मिटून सवयीने ऐकत राहिले.
डावीकडून तिसरा गोंडा
बोलत नव्हता.