कुळव

पहाटे चारला मी लोखंडी गज खुपसत चालतो, कठड्याच्या कडेकडेने.
साडेतीन इंच. साडेतीन. चार.
घराकडच्या वळणावर दोन,
आणि खाली ठण्ण.

ईरी सरोवरावरून वारा येतो, थेट, मधे काही नाही.
रात्रभर मीठ टाकलं, रात्रभर कुळव फिरवला.
हिवाळ्यातल्या मातीला वाफसा येत नाही,
तिला नुसतं चाळवत ठेवायचं,
थांबलात की ती दगड होते.

वहीत लिहिलं: उणे सहा. वळण पुन्हा कुळवलं, तीनदा.
ऑफिसातून विचारलं, "चालेल ना?"
त्या "ना"मध्ये सगळं होतं.
मी म्हणालो, चालेल.

चौथी शर्यत. पाच हजारांतल्या घोड्यांची,
म्हणजे सुटण्याआधी चिठ्ठी टाकायची, पाच हजार भरायचे,
शर्यत संपली की घोडा तुमचा.
पेपर लँटर्न. सात वर्षांची, कुमाईत,
मागचा डावा पाय तेवढा पांढरा.
तिचा मोतद्दार एलेउतेरिओ
तिच्या बादलीतला बर्फ मुठीने फोडायचा.
हातोडीला ती दचकते, म्हणायचा.
खुरांत बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून
तळव्यांना चरबी चोपडायचा, स्वयंपाकाची,
स्वतःच्या पैशाने आणलेली.

बाहेर माणसं एकोणीस. मोजायला वेळ होता.
बाकीचे आत, उबेत,
पडद्यावर दुसऱ्याच गावची शर्यत बघत.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज येतो म्हणतात.
मला आला नाही. ट्रॅक्टर चालू होता.

वळण तिने पार केलं होतं.
चाळीस पावलं पुढे, जिथे गज साडेतीन इंच गेला होता, तिथे.
मी नंतर पावलं मोजली.
मोजून काय मिळवलं, ते विचारू नका.

यादिएल पडला, उठला, लगाम धरून उभा राहिला.
पुढचा उजवा पाय नळीखाली नुसता लोंबत होता
आणि घोडी तीन पायांवर
पुढे गेलेल्यांच्या मागे जायला बघत होती.
तिच्या लेखी शर्यत चालूच होती.

हिरवा पडदा आणला. वाऱ्याने तो शिडासारखा फुगला,
म्हणून एक कोपरा माझ्या हातात दिला.
त्यामुळे मी आतल्या बाजूला.

डॉक्टर हॅलोरनने दातांनी हातमोजा ओढला,
मानेवरची शीर चाचपली,
काखेतून सिरिंज काढली.
औषध गोठू नये म्हणून ती तिथे ठेवते.
कधीपासून, मी विचारलं.
"सकाळपासून," ती म्हणाली.
दोघेही मग पडद्याकडे बघत राहिलो.

तिच्यासाठी कोणीतरी चिठ्ठी टाकली होती.
नियम असा, की जनावर ट्रॅकवर मेलं तर सौदा रद्द.
पाच हजार परत गेले.
ती मेली जुन्याच मालकाच्या नावावर,
आणि जुना मालक फ्लोरिडात, फोन उचलत नव्हता.
एलेउतेरिओने मोहरकी सोडवून घेतली,
खांद्यावर टाकली, निघाला.
तबेल्यात तिच्यासाठी कोंड्याची गरम आंबोण
झाकून ठेवलेली होती.

पाय प्रयोगशाळेत जातो. खोक्यात, बर्फ घालून.
इथे, जानेवारीत, बर्फ घालून.
सहा आठवड्यांनी कळेल हाडात आधीची भेग होती का.
ती निघावी, असं मला वाटतं.
फार वाटतं.
एका मुक्या जनावराचं हाड
महिनाभर आतून दुखत असावं, अशी इच्छा धरून
मी रात्री जेवतो.

पाचव्या शर्यतीला बावीस मिनिटं होती.
कुळव लावला. त्या जागेवरून दोनदा गेलो,
एकदाच जायचं असतं.
दात मातीत शिरले, सहज,
लोण्यात शिरावेत तसे.

आज पहाटे उणे नऊ.
गज हातात घेऊन कठड्याशी उभा होतो
तेव्हा तबेल्याकडून आवाज आला.
एलेउतेरिओ बर्फ फोडत होता,
हातोडीने.