पोचली

बेसा ते मेडिकल, साडेसात किलोमीटर.
पावणेसातला निघते,
कारण रक्त द्यायला आलेली माणसं उपाशी असतात
आणि उपाशी माणसाला रांगेत ताटकळवू नये.

श्रावस्तीनं माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी करून ठेवलंय,
तिला मी निळा ठिपका दिसते.
ओंकार नगरला ठिपका थांबला की फोन.
आई, काय झालं?
काही नाही गं, सिग्नल.
उमरेडहून भाऊ विचारतो, पेट्रोलला पैसे पाठवू का?
हे फार बोलत नाहीत.
दारात उभे राहून हेल्मेटचा पट्टा ओढून बघतात,
गॅस बंद आहे का बघावं तसा, दोनदा.

रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा
सिमेंट आणि गट्टूंच्या मध्ये एक फट राहिली,
बरोबर माझ्या टायरएवढी.
मोजून ठेवली असती तरी इतकी नेमकी आली नसती.
म्हणून मी कडेला चिकटून चालवत नाही.
दीड हात आत असते.
माझा गुन्हा काय तो एवढाच, दीड हात.

त्यासाठी ऐकते:
बाजूनं घे ना वो!
घरी पोळ्या लाटायच्या सोडून...
मराले निंगाली का बाई?
(हा सिटी बसचा कंडक्टर, दारातून अर्धा बाहेर,
सुटे पैसे मोजता मोजता.)
मे महिन्यात, दुपारी परत येताना,
एका स्कॉर्पिओवाल्यानं काच खाली केली,
खर्र्याची पिचकारी माझ्या पायावर सोडली
आणि काच वर केली.
मधल्या वेळात आतली एसीची झुळूक अंगावर आली.
खरं सांगते, बरी वाटली.

मी गरीब गाय नाही.
तुकडोजी पुतळ्याजवळ एका पोराच्या बोनेटवर
हात आपटलाय मी.
तो उतरला. मीही उतरले.
लॅबचा पांढरा कोट अंगावर तसाच राहिला होता.
सॉरी मॅडम, म्हणाला.
सॉरी कोटाला होतं. मी घेऊन टाकलं.

घरी यातलं काही जात नाही.
घरी एकच शब्द जातो.
पायावरचा लाल डाग वाळत असताना: पोचली.
कोपर सोललं तेव्हा, कापूस दातात धरून,
एका हातानं: पोचली.

परवा रविवारी कामठीला साक्षगंधाला निघालो.
हे गाडी चालवत, मी शेजारी, श्रावस्ती मागे.
ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे एक दूधवाला,
सायकलला दोन्हीकडे कॅन,
कडेपासून दीड हात आत.
ह्यांनी हॉर्न दाबला. दाबून धरला.
मग काच खाली.
मरतं का बे? बाजूनं चाल ना!

आवाज तोच. रोजचा.
इतक्या जवळून फक्त ऐकला नव्हता.

दूधवाल्यानं मान वळवली नाही.
मान वळली की हँडल वळतं,
आणि दोन्हीकडे दूध.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले,
तसं नाही, त्याच्याच भल्यासाठी...
आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.
साक्षगंधात जिलबी चांगली होती.
ह्यांनी पानात तशीच ठेवली.

सोमवारी पट्टा बघायला दारात कोणी नाही.
खाली गेले तर हे सायकलपाशी उकिडवे,
बनियनवर, घामानं निथळत,
मागच्या चाकात हवा भरतायत.
हवा होती. मी आदल्याच दिवशी भरली होती.
काही म्हटलं नाही. भरू दिली.
टायर असा दगड झाला
की मानेवाड्यापर्यंत दात वाजत होते.

मेडिकलला पोचले. पहिला माणूस
बाही वर करून बसलाच होता.
मूठ मिटा, म्हटलं,
आणि दुसऱ्या हातानं ह्यांना लिहिलं:
पोचली.
थोडं थांबून, खाली:
हवा जरा जास्त झाली.