कोटेशन

उद्यमनगरात तेवीस वर्षं कोटेशनं लिहितोय.
बुश, फ्लँज, पंपाची बॉडी,
जॉब हातात घेतला की वजनावरून आकडा सांगतो.
घासाघीस करणाऱ्याला चहा पाजतो
आणि आकडा तोच ठेवतो.

मुजावर सिस्टरनी वहीचं पान फाडून दिलं.
सातव्या महिन्यापासूनच्या भेटी,
बाळंतपणाची रात्र, हाताखाली एक मुलगी,
नंतरचे दहा दिवस.
खाली बेचाळीस हजार. निम्मे आधी.

म्हटलं, यातलं काय कमी होईल?
म्हणाल्या, तुम्हीच सांगा,
रात्र कापू का दहा दिवस?

आई लसूण सोलत होती.
"तुला सव्वा रुपयात आणलाय आम्ही.
वर पायलीभर जोंधळं, खण-नारळ."
बराच वेळ नुसती सालं उडत राहिली.
"तुझ्या आधीच्या दोघींचं
काही घेतलं नव्हतं बाईनं.
घेणार तरी कशाचं."

वैजयंताची भिशी लागली,
माझा बोनस घातला, निम्मे दिले.

ती रात्र. नऊ तास सिस्टर
पालथ्या क्रेटवर बसून.
मधूनच पोटाला नळी लावायच्या, कान टेकायच्या,
परत बसायच्या.
मी दारात उभा राहून
तासाचा रेट काढत होतो, खोटं कशाला बोलू.

तीन वाजून गेल्यावर त्यांनी कान टेकला.
बाजू बदलून पुन्हा टेकला.
"गाडी काढा."
इतकं हळू, की वैजयंताही दचकली नाही.

आमच्याकडं कास्टिंग दोरीला टांगून
हातोडीनं एकदा वाजवतात.
चांगलं असलं तर घुमतं.
आत चीर असली तर नुसतं थप्प.
बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.
हा कान असलेला आमच्याकडं एकच म्हातारा होता,
तो गेल्यापासून माल परत येतो.

सीपीआरला पोहोचलो तेव्हा दसरा चौकात
झाडूवाल्या बायका नुकत्या आल्या होत्या.
पोरगी निळी बाहेर आली, गळ्यात नाळेचे दोन वेढे.
मग लाल झाली. मग ओरडली.
तिथं खर्च आला तो केसपेपरच्या चिल्लरीचा.

सकाळी फाटकाशी चहा पिताना
डोक्यात हिशेब सुरूच.
घरी बाळंतपण झालंच नाही,
मग उरलेले एकवीस कशाचे?
असला विचार आला. आला तो आला.

सिस्टर मात्र दहाही दिवस आल्या.
शेवटच्या दिवशी पाकीट दिलं.
अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी नोट न् नोट मोजली,
"शंभर जास्त आहेत," म्हणून परत दिले.

आईला राहवलं नाही.
"पोरगी झाली तरी तेवढंच?"

सिस्टर चप्पल घालत होत्या.
"ऐकायला तेवढंच लागतंय, मावशी."

आई काही बोलली नाही.
त्या जिना उतरून गेल्यावरही
दारात उभी होती,
हातात लसणाची एक पाकळी,
अर्धी सोललेली.