बदली

गळ्यातल्या ओळखपत्रावर अजून 'पाहुणा' आहे.
नोव्हेंबरपासून.
कुणी बदलून दिलं नाही, मीही मागितलं नाही.

ज्या टेबलाशी बसते त्याच्या खणात
आधीच्या माणसाच्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या, अर्धी डबी,
आणि एक यादी,
पहिली तीनच नावं खोडलेली.
तो गेला म्हणतात. कुठे, ते सांगत नाहीत.

कागदाची गिरणी. यंत्रं तीन. दोन राहतील.
हे मला हेलसिंकीत काचेच्या खोलीत
गरम पाव पुढे करून सांगितलं.
वेलचीचा होता, चांगला होता,
मी दोन खाल्ले.

इथे उत्तरेला जानेवारीत सूर्य
उशिरा येतो, लवकर निघतो,
त्याची हजेरी कुणी काढत नाही.
मला विचारतात, तुम्ही किती दिवस?
जूनपर्यंत, मी सांगते.
मग ते खरं बोलायला लागतात.
जी राहणार नाही तिच्यापाशी
माणसं काय काय ठेवून जातात:
एकीने नवऱ्याचं पिणं ठेवलं,
एकाने, वाचताना अक्षरं उलटीपालटी होतात
हे एकोणतीस वर्षं लपवलेलं.

'बदल' हा शब्द मी जपून वापरते.
तो ऐकला की सगळ्यांचे हात टेबलाखाली जातात.
मी स्वतः बदली.
खेळाडू पडला की उतरवतात तशी,
सामना माझा नाही
पण गुडघे माझेच दुखतात.

खोली घेतलीय बेटावर. येते बर्फावरून.
समुद्र गोठला की त्यावर रस्ता आखतात,
दुतर्फा फांद्या रोवून.
थांबायचं नाही.
पुढच्या गाडीला चिकटायचं नाही.
खाली पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक,
म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तैस्तो केम्पाईनेन, यंत्र क्रमांक तीन.
ओला कागद धावत असताना
डोळे मिटून सांगतो, कुठे फाटणार.
वाटाघाटींच्या सहा आठवड्यांत अवाक्षर नाही.
शेवटच्या दिवशी, सगळ्यांचे कोट अंगात चढल्यावर:
"सौनाची चावी कुणाकडे जाईल?"

माझ्या तक्त्यात एक्केचाळीस रकाने होते.
भरपाई, नोटीस, प्रशिक्षण,
निवृत्तीला उरलेले महिने.
चावीचा नव्हता.

गुरुवारी पाळी सुटली की चुलीत लाकूड तोच सारायचा,
त्याच्या आधी त्याचा मामा.
वाफेत उघड्या अंगाने बसलेल्यांत
साहेब कोण ते कळत नसे.
बघून सांगते, मी म्हणाले.
हे वाक्य म्हणण्याचा मला पगार मिळतो.
त्या दिवशी मात्र खरंच बघायला गेले.

मुख्यालयाचं उत्तर: सदर खोली साठवणुकीस.
मी तीन पत्रं लिहिली.
चौथ्याऐवजी फोन केला आणि आवाज चढवला,
जो चढवू नये असं मी इतरांना शिकवते.

बासष्ट माणसं गेली.
ते मी थांबवलं नाही; त्यासाठी मला बोलावलंच नव्हतं.
नीट जावीत म्हणून बोलावलं होतं,
आणि नीट म्हणजे काय
ते करारात नव्हतं.

एप्रिलात फांद्या उपटून नेल्या.
आता बोट. कठड्याशी उभी राहून शोधते,
इथून गेले होते का मी? की जरा पलीकडून?

सोमवारी मिर्का येईल, कायमची.
कागद लावून ठेवलेत.
गोळ्यांची डबीही, थोडी हलकी झालेली.
सगळ्यात वर चिठ्ठी:

चावी तैस्तोकडेच आहे. मागू नकोस.
तो आता कामावर नाही,
म्हणून गुरुवारी फाटकावर त्याला
पाहुण्याचं ओळखपत्र लागतं.
माझं खणात ठेवलंय.