इतर निरीक्षणे

कुओपिओला नोव्हेंबरात दुपारी तीनला दिवे लागतात.
तळघरात तर दिवसभर.
मला कामावर घेतलंय ते पत्र्याच्या अकरा खोक्यांसाठी:
एकतीस वर्षांची कार्डं, निळ्या शाईतली,
अक्षर एकाच बाईचं.
संयुगाचा क्रमांक, मात्रा, उंदराचं वजन,
यकृताचे आकडे, मरणाची तारीख.
हे सगळं टाइप करून यंत्राला भरवायचं,
म्हणजे नवं औषध कुणाच्या पोटात जाण्याआधीच
ते सांगेल, यकृत सोसेल की नाही.

आमचा धंदाच मुळी शितावरून भाताची परीक्षा.
फक्त आमच्या शितांना मिशा होत्या.

शेवटचा रकाना: इतर निरीक्षणे.
ऑस्करी म्हणाला, तेवढा सोडून दे,
या मॉडेलला वाक्यं पचत नाहीत.

सोडत होते. मग ४४१७ आला.
"सकाळपासून कोपऱ्यात.
बोट पुढे केलं तर हुंगत नाही."
त्या दिवशीचे आकडे सगळे जागच्या जागी.
यकृत बिघडलं पाचव्या दिवशी.
४४१८: "हा शेजाऱ्याला चिकटून बसतो. शेजारी सरकतो."
४४२०: "रविवार. कुणीच खाल्लं नाही. मीही."

मी वेगळी फाइल उघडली,
कुणाला न सांगता.

रायली अजून येते, मंगळवारी, पिंजरे धुवायला.
उंदीर आता सोळाच उरलेत, तेही बर्फ वितळेपर्यंत.
"बरं झालं," म्हणते, आणि ब्रश जोरात घासते.
खरंच तसं वाटतं तिला.
डाव्या अंगठ्यावर चाव्याची जुनी खूण आहे.
विचारलं तर सांगते, चूक माझी होती,
हात गार होते.

काल यंत्रापुढे नवा रेणू ठेवला,
सांधेदुखीवरचा, मधोमध गंधकाचं वेडंवाकडं कडं.
हिरवा चौकोन म्हणजे निर्धोक, लाल म्हणजे नको.
चौकोन करडा झाला.
खाली एक ओळ:
यासारखं काही मी पाहिलेलं नाही.

ऑस्करी वैतागला. टुर्कूच्या कंपनीला
शुक्रवारी उत्तर हवं होतं, हो किंवा नाही.
त्याने मर्यादा थोडी सैल करून पाहिली.
पुन्हा करडा.
रायली बादली खाली ठेवून आत आली.
"काय म्हणतंय?"
"माहीत नाही म्हणतंय."
ती हसली. तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले.
"सात संचालक झाले माझ्यादेखत.
एकाच्याही तोंडून हे शब्द निघाले नाहीत."

मग ओला हात पॅन्टला पुसून,
दुसऱ्या हाताने चोळून थोडा ऊन करून,
तिने बोट पडद्याजवळ नेलं
आणि तसंच धरून ठेवलं,
हुंगायला देतात तसं.

ऑस्करी बराच वेळ गप्प.
बाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप गोठलं म्हणून लाथा घालत होतं.
मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं,
"ती तुझी वेगळी फाइल...
कितव्या खोक्यापर्यंत आलीस?"