फ्यूज

दुपारी अडीचला सुभाषनगरात आऱ्या थांबायच्या.
थांबायच्या म्हणजे चामड्यात अर्ध्या शिरून उभ्या राहायच्या,
आणि आमच्या चौदा इंची टीव्हीसमोर
अकरा बायका, तीन पोरं, एक बहिरा म्हातारा
'निळं पाकीट' सुरू व्हायची वाट बघत.

आधी नुसता जिना. जिन्यावरून उतरणारे पाय.
चेहरा कधीच नाही.
"चप्पल बघ गं," मालनमावशी म्हणायची,
"टाचंला खिळा हाय. आपल्यातली न्हवं."
पायावरनं खुनी ओळखायचा, अशी गल्लीची पैज.

वकील राजोपाध्ये पहिल्याच भागात मेले.
पुढची दोन वर्षं फोटोत, हार घालून,
आणि दर महिन्याला कुणीतरी त्या फोटोमागं काहीतरी लपवायचं.
संशय भावावर, भाच्यावर, ड्रायव्हरवर,
मोलकरणीवर तर सोमवार ते शुक्रवार.
बायकोवर नाही.
बायको पांढऱ्या साडीत चहा ओतायची, कप न वाजवता.

"तिचा हात बघा," शेवंताकाकी म्हणायची. "थरथरत न्हाई."
एवढंच. आणि वेणी घालत राहायची, बारीक, सात पदरांची,
टीव्हीकडं न बघता.

शेवटचा भाग. कुणीतरी भडंग केला होता, लसूण जास्त पडलेला.
जिना. पाय. पाय थांबले.
मग पदराचा काठ, मग हनुवटी, मग
टीव्हीचा पांढरा ठिपका झाला
आणि विझला.

सगळ्यांनी बोर्डाच्या नावानं बोटं मोडली.
पण समोरच्या सलूनातला पंखा फिरत होता.
मी नऊ वर्षांची, दारात बसलेली, मला दिसत होता.
काकीची जागा रिकामी होती.
आरी तशीच, चामड्यात उभी.

तो भाग पुन्हा लागला नाही.
मग ज्याचा त्याचा खुनी. गिरणीत दळण राहायचं बाजूला,
भाचा की ड्रायव्हर, यावरून दोन घरांत बोलणं बंद.
म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत फोटोलाच धरलं.

काकीचा नवरा रंकाळ्यावर गेला होता, माझ्या जन्माआधी.
वरच्या पायरीवर चप्पल सापडली, जोडीनं, नीट ठेवलेली.
तो कधीच काही नीट ठेवायचा नाही, असं आई म्हणायची,
आणि मग भाकरी उलटायची.
पोलीस आले, चहा पिऊन गेले.
कप वाजले का, ते कुणी सांगत नाही.

काकी गेली त्या श्रावणात तिचा डबा मी उघडला:
आऱ्या, मेण, दोऱ्याची गुंडी,
तळाशी फडक्यात गुंडाळलेला
चिनी मातीचा फ्यूज. तार शाबूत.

"काय हाय गं त्यात?" दारातून मालनमावशी.
"खिळं," म्हटलं मी.

आमच्या कामात खिळा लागत नाही.
मावशीनं साठ वर्षं चप्पल शिवली आहे.
ती थोडा वेळ माझ्या हाताकडं बघत राहिली,
मग म्हणाली, "ठेव की मग झाकून.
गंजतील."